आल्ताराखालचं खोकं

आमच्या घरात देवाची वस्तू फेकायची नाही असा कायदा होता. मूर्तीचा हात मोडो, जपमाळेची साखळी तुटो, प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं सुटोत, ती वस्तू केरात जात नसे. कधीकाळी तिच्यावर फादरच्या हातून पवित्र पाणी पडलेलं असे आणि पाणी पडलं की वस्तू आपली राहत नाही, देवाची होते, असं माझी माय म्हणायची. देवाच्या वस्तूला दोनच वाटा, पुरायची नाहीतर जाळायची. म्हणून आमच्या आल्ताराखाली, म्हणजे भिंतीतल्या ज्या फळीवर मारियेची मूर्ती आणि तेलाचा दिवा असे तिच्याखाली, चहाच्या पेटीच्या फळ्यांचं एक खोकं वर्षभर भरत राही. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळ्या वाळल्या की त्याही त्यातच जात. मग उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी ते खोकं चर्चच्या मागे नेऊन रिकामं करायचं. तिथं पत्र्याच्या पिंपात सगळ्या गावठाणाच्या झावळ्या जळत आणि त्यांची राख चाळून, भिजवून, राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, फादर ती सगळ्यांच्या कपाळाला लावत. माझ्या पहिल्या कादंबरीविषयी मला लोक विचारतात तेव्हा मी जे नाव सांगते, ती खरी पहिली नव्हे. पहिलीबद्दल सांगायचं तर या खोक्यापासूनच सुरुवात करावी लागते, आणि ते आजवर जमलं नव्हतं.

आमचं गावठाण अंधेरीच्या पूर्वेला, टेकड्यांच्या अंगाला. दुपारी बाराला खाणीत सुरुंग उडत आणि मडक्यातलं पाणी थरथरे. विमान डोक्यावरून गेलं की कौलं वाजत आणि माय वर बघून न चुकता म्हणे, "जा बाबा, सांभाळून जा." जणू पायलट आमचाच कुणी नातलग. भात आम्ही स्वतःच्या शेतातलं खायचो ते मी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत. पुढे शेतं गेली, तिथं कारखान्यांच्या भिंती उठल्या, आणि माझा पपा त्यातल्याच एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागला. आमच्यात बापाला अरे-तुरे करतात, त्यात अनादर नसतो. आपल्याच शेतात खाकी शर्ट घालून तो खुर्ची टाकून बसायचा आणि आपल्याच बांधावरून येणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायचा. याची त्याला चीड होती म्हणावं तर तसं दिसत नसे. तो गमतीनं म्हणायचा, "पयले मी या जमिनीची राखण फुकट करायचो, आता पगार घेऊन करतंय." त्या गमतीत काय होतं ते मला लहानपणी कळलं नाही.

घरचा दुसरा आवाज मुसळाचा. उन्हाळा लागला की माय आणि आणखी दोघीजणी घरोघरी मसाला कांडायला जायच्या. आमच्या लोकांचा मसाला वीस-पंचवीस जिन्नसांचा, भाजून, कांडून, बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरायचा. लाकडी उखळीत तिघींची मुसळं पाळीपाळीनं पडायची. हात संध्याकाळपर्यंत मिरचीनं पेटलेले असायचे आणि रात्री ती ते ताकात बुडवून बसायची. मी ट्रेनिंग कॉलेजला जाऊ लागले तेव्हा एकदा तिच्याबरोबर कांडायला निघाले, तर तिनं मुसळ हातातून काढून घेतलं. "तू नको. हात भाजले तर लिवशील कशानं? तू लिव, मी कांडते." तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. मी काय लिहिते हेही तिला नीट ठाऊक नव्हतं, पपा सांगतो आणि फिलू लिहिते, एवढंच. गावठाणातल्या माझ्या वयाच्या पोरी इंग्लिश शाळेत जाऊन टायपिंग शिकत होत्या, एअरपोर्टवर नोकरीला लागत होत्या. मी मराठी शाळेत शिकले, कारण ती घराला लागून होती, आणि नंतर मराठीतच लिहू लागले. नातलग माझी कीव करत. माय त्यांना सांगायची, "आमची फिलू बुकं करते." बुकं म्हणजे भाकरीसारखीच, थापली की झाली.

कादंबरी पपाची होती, हे मी आज मोकळेपणानं सांगते. आमच्या शेतांच्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं. चिकणी, वांगणी, मोठा कोपरा, आणि तेरेजाचा तुकडा, जिथं पपाच्या आजीला, त्या तेरेजाला, लावणी करता करता बांधावरच कळा येऊन मूल झालं होतं आणि संध्याकाळी ती उरलेली रोपं लावून घरी आली होती. अशी बावीस नावं आणि प्रत्येक नावाला गोष्ट. कारखान्याच्या फाटकावर एका बाजूनं वापरलेले कागद पपा गोळा करून आणायचा. पुढं ट्रकचे नंबर, मागं माझी कादंबरी. तो कामावरून आला की चुलीशी बसून सांगायचा, मी पहाटे उठून लिहायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याला वाचून दाखवायचे. "ह्ये असं नव्हतं," तो म्हणायचा, "चिकणीत चिंच नव्हती, चिंच वांगणीत. तू शाळा शिकली, पण झाडं हलवते." मी झाड परत जाग्यावर लावायची. दीड वर्षात कागदांचा गठ्ठा वीतभर उंच झाला. मी तेव्हा इतकी सुखात होते की पुढं कधी लिहिताना तेवढी नव्हते.

मग पपाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तरी तो "हां" म्हणायचा, नको असलं तरी "हां" म्हणायचा, आणि आपल्या तोंडून भलतंच आलं हे त्याचं त्याला कळायचं. ते बघणं मला सहन होत नसे. पण एक चमत्कारिक गोष्ट होती. संध्याकाळी माय रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू करायची तेव्हा पपा तिच्याबरोबर 'नमो मरिये' आख्खं म्हणायचा. एक शब्द न अडखळता, स्वच्छ. माय पहिल्यांदा ते ऐकून रडली, तिला वाटलं तो बरा होतोय. डॉक्टर म्हणाले, घोकलेलं डोक्यात वेगळ्या जागी असतं, ते राहतं, बाकीचं जातं. मायनं नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना धरल्या, उपास धरले, माऊंट मेरी चर्चच्या पायऱ्या ती गुडघ्यांनी चढली. बाकीचं काही परत आलं नाही. माझा मात्र देवावर राग बसला. मी रोझरीला बसायची ती फक्त पपाचा आवाज ऐकायला. रोझरी संपली की पपा डाव्या हाताची बोटं गोधडीवर आपटायचा, म्हणजे वाच. मी ट्रंकेतून गठ्ठा काढून वाचायची आणि त्याच्याच शेतांची नावं आली की तो डोळे मिटून मान हलवायचा. आता तो माझी हललेली झाडं जाग्यावर आणू शकत नव्हता. बावीस नावांच्या बावीस गोष्टी आता फक्त त्या कागदांवर होत्या.

ट्रेनिंग कॉलेजातल्या आमच्या मराठीच्या बाईंनी पहिली काही पानं वाचली होती. दादरचे एक प्रकाशक त्यांच्या ओळखीचे होते. "येत्या गुरुवारी सगळं घेऊन ये," बाई म्हणाल्या, "मी स्वतः तुझ्याबरोबर येते." तो राखेच्या बुधवारनंतरचा गुरुवार होता. घरी सांगितलं तेव्हा पपानं माझा हात डाव्या हातात घट्ट धरला. पुस्तक छापून त्याच्या हातात द्यायचं, तो असेपर्यंत द्यायचं, एवढंच मला हवं होतं. नक्कल करून ठेवावी हे मला सुचलं नाही असं नाही. पण गुरुवारपर्यंत वीतभर गठ्ठा कोण उतरवून काढणार? आळस केला, दुसरा शब्द नाही.

आदल्या शनिवारी फादर घराला आशीर्वाद द्यायला आणि पपाला बघायला आले. आमचे फादर मंगळूरकडचे, मराठी प्रार्थनेपुरती. त्यांनी आल्तारावर, चुलीवर, पपाच्या खाटेवर पाणी शिंपडलं. तेवढ्यात मायनं ट्रंकेतून माझा गठ्ठा काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला. "फादर, हिच्या बुकावर पण मारा. गुरवारी जायचंय." मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. फादर हसले, त्यांनी गठ्ठ्यावर क्रूसाची खूण करून भरपूर पाणी मारलं. वरच्या कागदावरचं 'तेरेजा' हा शब्द पसरून निळा डाग झाला. मी डाग टिपायला धावले, माय म्हणाली, "राहू दे गो, आशीर्वाद हाय तो." फादर गेल्यावर पपाला कणकण भरली, त्या संध्याकाळी वाचन झालं नाही. मी कॉलेजचं काही वाचत कोपऱ्यात बसले होते. माय मागून काहीतरी सांगत होती. मी "बरं, बरं" म्हटलं. ती काय म्हणाली ते मी ऐकलं नव्हतं.

रविवारी चर्चमधली शेवटची मिसा, म्हणजे उपासना, झाल्यावर घरात फुग्यांची गडबड. उपवासकाळ लागण्याआधी खाऊन घ्यायचे ते दिवस. आंबवलेलं पीठ मुठीतून सोडत माय तेलात गोल गोल फुगे तळत होती, एका डोळ्यानं पपाकडं बघत होती. "फिलू, खोकं तेवढं रिकामं करून ये. बारा वाजले की मान्येल काडी लावेल." मान्येलमामा चर्चची घंटा वाजवायचा आणि झाडलोट बघायचा. मी कुरकुरत उठले. वाळक्या झावळ्या, हात मोडलेला लाकडी संत, असल्या पसाऱ्याचा मला त्या दिवसांत तिटकारा आला होता. खोकं उचललं तेव्हा जड लागलं, हे मला पक्कं आठवतं. झावळ्यांखाली जुन्या लुगड्याच्या फडक्यात काहीतरी बांधलेलं होतं. वाटलं, मायनं कुणाकुणाची फाटकी प्रार्थनापुस्तकं जमवली असतील, तिला तशी सवय होती. मान्येलमामा पिंपाशी उभाच होता. मी नाकाला पदर लावला आणि न बघता खोकं उपडं केलं. "यंदा राख झकास होनार," तो म्हणाला. मी घरी आले आणि सहा फुगे खाल्ले. सहाच, मोजलेले आठवतात.

संध्याकाळी पपानं बोटं आपटली. मी ट्रंक उघडली. लुगड्यांखाली हात घातला, मग लुगडी बाहेर काढली, मग ट्रंक उपडी केली. "माय, कागद कुठंयत?"

माय चुलीपाशी होती. "काल सांगितलं नाय का तुला? आल्ताराखाली खोक्यात ठेवलेत, बांधून. पाणी पडलं ना त्याच्यावर, मग लुगड्यांत कसं ठेवायचं?" आणि मग तिचं तिलाच कळलं. तिनं हातातला झारा खाली ठेवला. "तू नीसलं नाय? वरच्या झावळ्याच टाकल्या ना गो? वरच्याच ना?"

मी चर्चपर्यंत धावत गेले. मान्येलमामा पिंपाजवळ बसून राख फडक्यातून चाळत होता. पिंप अजून कोमट होतं. मी हात घालून ढवळलं. त्यात त्या मोडक्या संताच्या झग्याचं एक पितळी बटण सापडलं, बाकी काही नाही. "कागद होते का मामा, जाड?" तो म्हणाला, "होते ना. लई वेळ घेतला, काठीनं उकलावे लागले. पन कागदाची राख मऊ पडते, बघ हात लावून." तो हे चांगल्या मनानं सांगत होता.

घरी आले तेव्हा माय उंबऱ्यात उभी होती. मला काय बोलायचं होतं कोण जाणे, पण तोंडातून निघालं ते हे: "तुला एक अक्षर ओळखता येत नाही, तू माझ्या कागदांना हात का लावलास?"

खोकं मी उपडं केलं होतं. न बघता मी केलं होतं. तिनं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. हे सगळं मला त्याही क्षणी ठाऊक होतं, तरी मी ते बोलले, कारण कुणावर तरी टाकायचं होतं आणि ती समोर होती. मायनं आवाज चढवला नाही. "अक्षर येत नाय म्हणूनच तिथं ठेवलं," ती म्हणाली. "माझ्या घरात त्याच्याहून चांगली जागा नाय गो." आणि ती आत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. राग आला की आमच्याकडे माय पपाला सांगायची आणि ऐकायचं मी, अशी जुनी रीत होती. पण हा राग नव्हता. मंगळवारी ती पापनिवेदनाला जाऊन आली आणि खाटेशी बसून पपाला म्हणाली, "फादर म्हणाले ह्ये पाप नाय. म्हणाले, चुकून झालं, सोडून दे. त्यांना काय ठाऊक, फिलू आणि तू किती दिस बसलेलात ते." मी भिंतीपलीकडे होते. मी पुढं होऊन, माय, तुझी चूक नाही, माझी आहे, एवढं म्हणायला हवं होतं. पाच पावलं होती. मी गेले नाही. इतकी वर्षं चर्चमध्ये बसून मी देवाकडे ज्या एका गोष्टीची क्षमा मागते ती हीच, आणि ती मिळाली असं मला अजून कधी वाटलेलं नाही.

बुधवारी सकाळी आम्ही दोघी चर्चला गेलो, ती पुढं, मी मागं. जायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण पपासाठी राख आणायची होती. आजाऱ्यांसाठी फादर कागदाच्या पुडीत चिमूटभर बांधून देत. रांग हळूहळू सरकत होती आणि पुढून परतणाऱ्या एकेकाच्या कपाळावर काळी खूण होती. शेजारीण, मास्तर, कारखान्यात जाणारे, लग्न ठरलेल्या पोरी, सगळ्यांच्या कपाळी. मला ओरडून सांगावंसं वाटलं की पुसू नका. पुसू नका, ती चिकणी आहे, ती वांगणी आहे. मायची पाळी आली. तिनं डोळे मिटून कपाळ पुढं केलं. मग माझी. तू माती आहेस, याची आठवण ठेव, अशा अर्थाचं फादर मोडक्या मराठीत म्हणाले आणि त्यांचा अंगठा माझ्या कपाळावर दोनदा फिरला. राख खरंच मऊ होती.

घरी आल्यावर मी पुडी उघडली. पपा उशीला टेकून बसला होता. त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण खाटेपासून ट्रंक चार हातांवर, त्यानं सगळं ऐकलंच असणार. मी अंगठा राखेत बुडवून त्याच्या कपाळावर क्रूस काढला. काही कण त्याच्या भुवईवर पडले. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि डाव्या हाताची बोटं गोधडीवर आपटली. वाच.

मी आठवून बोलू लागले. तेरेजाची लावणी, कळा, बांध, संध्याकाळ. तीन पानांपर्यंत गेले असेन. पुढं विहिरीजवळचा तुकडा येत होता आणि त्याचं नाव मला आठवेना. दीड वर्ष मी ते रोज वाचलं होतं. "पपा," मी त्याचा हात धरला, "विहिरीजवळच्या तुकड्याला काय म्हणायचो रे आपण? सांग ना. एवढं एक सांग."

त्याला समजलं. त्याचे डोळे चमकले, नाव त्याच्याजवळ होतं. ओठ जुळले, मान पुढं आली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. त्यानं तोंड उघडलं आणि स्वच्छ, न अडखळता शब्द आले: "नमो मरिये, कृपापूर्णे..." तो थांबला. मान हलवली, नाही, हे नाही. पुन्हा ओठ जुळवले. पुन्हा तेच आलं. मग त्याच्यानं थांबवेना, पाणी वाहत असलेल्या डोळ्यांनी तो प्रार्थना म्हणत राहिला आणि माझ्याकडं बघत राहिला.

त्याची अर्धी प्रार्थना संपली तेव्हा आतून, चुलीपाशी बसलेल्या मायनं रोझरीत म्हणतात तशी, सवयीनं, उरलेली अर्धी म्हटली. मी तिथं आहे हे ठाऊक असताना तीन दिवसांत ती पहिल्यांदाच काही बोलली होती, आणि तेही माझ्याशी नव्हतं. शेवटी आमेन मी म्हटलं. ईस्टरनंतर पपा गेला. बावीस नावांतली अकरा मला आठवतात. विहिरीजवळचं आठवत नाही.